रीलर उंदीर: एक जनुक बिघडलं आणि लहान मेंदूतली पंगत बसलीच नाही

काजवा | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मागे लहान मेंदूवर म्हणजे अनुमस्तिष्कावर (शरीराचा तोल आणि हालचालींचा मेळ सांभाळणारा मेंदूचा मागचा भाग) इथे थोडी चर्चा झाली होती, तेव्हा रीलर म्हणजे चालताना डुलणाऱ्या उंदरांबद्दल सवडीने लिहीन असं मी म्हटलं होतं. आज लिहितेय. मी शास्त्रज्ञ नाही. परदेशातल्या एका मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी ११ वर्षं स्लाइडी करायचं काम केलं. मेंदू मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे काप घ्यायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं आणि तिथल्या लोकांना विचारून विचारून जे समजलं, ते लिहिते. चूक असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

आधी निरोगी उंदीर घेऊ. कोबीचा गड्डा बरोब्बर मधोमध उभा चिरला की आत पांढरा दांडा, त्याला फुटलेल्या फांद्या आणि त्यांच्याभोवती पानांच्या घड्या दिसतात. लहान मेंदूचा उभा काप थेट तसाच दिसतो. क्रेसिल व्हायोलेटने रंगवून भिंगाखाली धरला की प्रत्येक घडीत तीन पट्टे दिसतात. बाहेरचा फिका, आतला गर्द जांभळा. त्या आतल्या पट्ट्यात बारीक कणपेशी राईसारख्या खच्चून भरलेल्या असतात. दोन्हींच्या सीमेवर मोठ्या, थेंबाच्या आकाराच्या पेशी एकीशेजारी एक, एकाच ओळीत बसलेल्या. या पर्किंजे पेशी. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८३७ साली त्यांचं वर्णन केलं. मला मात्र त्या पहिल्यांदा पाहिल्यावर गावच्या लग्नातली पंगतच आठवली. सुतळी धरून पाट मांडावेत तशी सरळ ओळ. प्रत्येकीने आपल्या फांद्या बाहेरच्या फिक्या पट्ट्यात पसरलेल्या, आणि लहान मेंदूच्या सालीतून बाहेर जाणारा प्रत्येक निरोप याच पेशींमधून जाणार.

मग एक दिवस रीलरचा मेंदू हातात आला. काप घेतला, रंगवला, पाहिला आणि वाटलं, माझाच काप तिरका गेला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच. घड्या जवळजवळ नाहीत, गुळगुळीत लहानसा गोळा. पर्किंजे पेशी पंगतीच्या जागी जेमतेम काही. बाकीच्या सगळ्या आत खोलवर मध्यभागी ढीग करून बसलेल्या. पाहुणे दारातून आत आले आणि ओटीवरच दाटीवाटीने थांबले, पाटापर्यंत कुणी गेलंच नाही, असं काहीतरी. नंतर कळलं की रीलरमध्ये जेमतेम ५ टक्के पर्किंजे पेशी योग्य जागी पोचतात.

या उंदराची कथा एडिनबरामधली. १९४८ साली तिथल्या उंदरांच्या एका वाणात आपोआप काही पिल्लं अशी निघाली की चालताना झोकांड्या खायची. डग्लस फाल्कनर यांनी १९५१ मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि चालीवरूनच रीलर हे नाव दिलं. दोष अप्रभावी, म्हणजे आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच पिल्लू डुलतं. एकच प्रत बिघडलेली असेल तर चाल अगदी नेहमीसारखी.

पिल्लू जन्मतं तेव्हा काही कळत नाही. पंधरा दिवसांच्या सुमारास, डोळे उघडून इतर भावंडं पिंजऱ्यात तुरुतुरु पळायला लागतात तेव्हा हे वेगळं दिसतं. उठतं, दोन पावलं टाकतं, मागचे पाय फाकतात आणि कुल्ल्यावर कलंडतं. पुन्हा उठतं. अंगाला कापरं असतं. मी एकदा असं पिल्लू बराच वेळ पाहत बसले होते. त्याला जायचं होतं कुठे ते त्याला पक्कं माहीत होतं, नाक त्याच दिशेला होतं. शरीर तेवढं साथ देत नव्हतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हा धागा काढला. पंगत पर्किंजे पेशींची मोडलीय, तेव्हा खोट पर्किंजे पेशीत असणार असंच कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण खोट तिथे नाही.

गर्भाच्या साधारण दहाव्या ते तेराव्या दिवसात या पेशी आत खोलवर, मेंदूतल्या पोकळीच्या काठाशी जन्मतात (उंदराचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा). तिथून त्यांना बाहेरच्या दिशेने चालत जायचं असतं. त्याच सुमारास लहान मेंदूच्या पृष्ठभागावर कणपेशींच्या पूर्वज पेशींचा थर पसरतो. हा थर आणि लहान मेंदूच्या खोलवरच्या केंद्रकांत (चेतापेशींच्या पुंजक्यांत) जाणाऱ्या काही चेतापेशी एक मोठं प्रथिन बाहेर सोडतात, त्याचं नाव रीलिन. ३,४६१ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. पर्किंजे पेशी स्वतः रीलिन बनवत नाहीत, त्या ते फक्त ऐकतात. रीलर उंदरात रीलिनचं जनुकच बिघडलेलं असतं. हाक मारणाराच मुका. ऐकणारे धडधाकट, पण हाक आलीच नाही तर उठून जाणार कुठे?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, कितीतरी वर्षं लोक भिंगाखाली पर्किंजे पेशीच तपासत राहिले असते, जर पुढचे प्रयोग झाले नसते. ते प्रयोग उद्या लिहिते, आज हात दुखले.

मोरपीस | शनिवार, रात्री १०:०५

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. कोबीचं उदाहरण कायम लक्षात राहील.

घाटमाथा | शनिवार, रात्री १०:३१

काजवाताई, फाल्कनर म्हणजे तेच का? मी पशुवैद्यक. आम्हाला पशुपैदास शिकवताना गायीच्या दुधाची आनुवंशिकता कशी मोजायची, निवड केल्यावर पुढच्या पिढीत किती फरक पडेल, हे सगळं फाल्कनर यांच्या पाठ्यपुस्तकावरूनच यायचं. डुलणारा उंदीर त्यांनीच नोंदवला हे आज कळलं. फार बरं वाटलं.

काजवा | शनिवार, रात्री १०:४४

हो, तेच. त्यांचं नाव दूध आणि अंड्यांच्या गणितासाठी घेतलं जातं. रीलर म्हणजे उंदीर सांभाळताना डोळे उघडे ठेवल्याचं फळ. एखाद्याने ती पिल्लं निकामी म्हणून काढून टाकली असती.

तिसरा_प्रहर | रविवार, सकाळी ७:१५

लेख आवडला, पण एक शंका. खोट पर्किंजे पेशीत नाही हे एवढं ठामपणे कसं सांगता येतं? उंदराच्या प्रत्येक पेशीत तेच जनुक असतं. रीलरच्या पर्किंजे पेशीतही ते बिघडलेलंच असणार. मग ती पेशी दोषी नाही हे ठरवलं कसं?

काजवा | रविवार, सकाळी ११:२०

अगदी नेमका प्रश्न, आणि आज मी यावरच लिहिणार होते.

यासाठी संमिश्र उंदीर बनवतात. एक निरोगी गर्भ आणि एक रीलर गर्भ, दोन्ही अगदी सुरुवातीच्या काही पेशींचे असतानाच एकमेकांना चिकटवतात आणि तो एकच गोळा मादीच्या गर्भाशयात वाढवतात. जन्मणाऱ्या पिल्लात काही पेशी निरोगी वंशाच्या, काही रीलर वंशाच्या, खिचडीतल्या डाळ-तांदळासारख्या मिसळलेल्या. दोन्ही वंशांत एखाद्या एन्झाइमचा फरक ठेवला की रंगवल्यावर कुठली पेशी कुणाची ते स्लाइडवरच ओळखता येतं.

आता खोट पर्किंजे पेशीच्या पोटात असती, तर रीलर वंशाच्या पर्किंजे पेशी आत अडकल्या असत्या आणि निरोगी वंशाच्या पंगतीत बसल्या असत्या. तसं दिसत नाही. पंगतीत दोन्ही वंशांच्या पेशी शेजारी शेजारी बसलेल्या सापडतात, आणि आत अडकलेल्यांतही दोन्ही वंशांच्या असतात. म्हणजे रीलर पेशीला आजूबाजूने हाक मिळाली की ती निमूट जागेवर जाते. आणि निरोगी पेशीला हाक मिळाली नाही तर तीही भरकटते. दोष शेजारात होता.

ही स्लाइड मी स्वतः केलेली नाही, फक्त छापलेल्या चित्रात पाहिलीय. पण त्या चित्रासमोर मी किती वेळ बसले होते हे मला अजून आठवतं.

पाणवठा | रविवार, दुपारी १:०२

मी सध्या याच विषयाच्या शेजारच्या विषयात पीएचडी करतोय, म्हणून थोडी भर घालतो. काजवाताईंनी हाक म्हटलंय ते झकास. तीच उपमा पुढे नेतो.

हाक ऐकायला कान लागतात. पर्किंजे पेशीवर रीलिनचे दोन ग्राही असतात, व्हीएलडीएलआर आणि एपीओईआर२. आणि कानाने ऐकलेलं पायापर्यंत पोचवायला पेशीच्या आत डॅब१ नावाचं प्रथिन असतं. १९९७ मध्ये कळलं की स्क्रॅम्बलर आणि योतारी नावाचे दोन वेगळे डुलणारे उंदीर आहेत, त्यांच्यात डॅब१ बिघडलेलं असतं. त्यांच्यात रीलिन भरपूर असतं, तरी लहान मेंदू हुबेहूब रीलरसारखा. १९९९ मध्ये दोन्ही ग्राही एकदम काढून टाकल्यावरही तेच चित्र दिसलं. हाक नसली, कान नसले किंवा पाय उचलणारा नसला, तिन्ही वेळा पंगत मोडतेच.

अजून एक. दोनपैकी फक्त व्हीएलडीएलआर काढला तर मार प्रामुख्याने लहान मेंदूला बसतो. फक्त एपीओईआर२ काढला तर मोठ्या मेंदूची साल आणि हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी संबंधित भाग) जास्त बिघडतात. हे लक्षात ठेवा, माणसांबद्दल बोलताना उपयोगी पडेल.

काजवाताईंच्या लिखाणात एक छोटी दुरुस्ती. लहान मेंदू लहान का राहतो, घड्या का पडत नाहीत, हे वाचताना रीलिनचा थेट परिणाम वाटतो. तसं नाही. घड्या पाडतात त्या कणपेशी, संख्येच्या जोरावर. त्यांच्या पूर्वज पेशी पृष्ठभागावर जन्मानंतरही दोन आठवडे सपाटून विभागत राहतात, तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो थर संपतो. आणि विभागत राहा हा निरोप त्यांना देतात पर्किंजे पेशी. सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडून. (हो, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरूनच नाव पडलंय.) हे १९९९ साली वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. आता पर्किंजे पेशीच आत खोल अडकलेल्या, तर तो निरोप पृष्ठभागापर्यंत पोचणार कसा? कणपेशी कमी जन्मतात आणि गोळा लहान, गुळगुळीत राहतो.

म्हणजे पृष्ठभागावरून हाक आत जाते, आणि आतून निरोप बाहेर येतो. एकाने बोलणं थांबवलं की दुसऱ्याचंही थांबतं.

काजवा | रविवार, दुपारी १:३०

पाणवठा, मनापासून आभार. ती दुरुस्ती बरोबर आहे, मी दोन गोष्टी एकात कालवल्या होत्या.

शेवंती | रविवार, दुपारी ३:४८

मी जीवशास्त्र शिकवते, अकरावी-बारावीला. हे जनुक शोधलं कसं? १९४८ ला उंदीर सापडला आणि रीलिन हे नाव १९९५ चं दिसतंय. एवढी वर्षं का लागली?

काजवा | रविवार, रात्री ९:१०

शेवंती, उंदराच्या पाचव्या गुणसूत्रावर आहे एवढं बऱ्याच आधी ठरलं होतं. पण गुणसूत्रावर आहे म्हणजे गावाचं नाव कळलं, घर नाही. त्या काळात घराघरांत जाऊन शोधायची साधनं नव्हती, आणि रीलिनचं जनुक प्रचंड लांब, ६५ तुकड्यांत विखुरलेलं.

शेवटी योगायोग मदतीला आला. न्यू जर्सीतल्या रोश इन्स्टिट्यूटमध्ये टॉम करन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांत भलतंच एक जनुक घालायचं काम चाललं होतं. बाहेरून घातलेलं जनुक गुणसूत्रात कुठे जाऊन बसेल हे हातात नसतं. एका वाणातली पिल्लं डुलायला लागली. घातलेला तुकडा नेमका रीलरच्या जागेवर जाऊन बसला होता आणि त्याने ती जागा फोडली होती. आता शोधायला खूण मिळाली, कारण घातलेला तुकडा ओळखीचा होता. त्याच्या आजूबाजूला शोधत गॅब्रिएला डार्केन्जेलो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये जनुक गाठलं.

पण त्याच वर्षीची जपानमधली वाट मला जास्त भावते. मिकोशिबा यांच्या गटाने निरोगी उंदरांच्या गर्भाचा मेंदू घेऊन त्याचं टोचण रीलर उंदरांना दिलं. विचार करा. शरीर सहसा स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड बनवत नाही, परक्याविरुद्ध बनवतं. निरोगी मेंदूतली बाकी सगळी प्रथिनं रीलरच्या घरचीच. फक्त एक प्रथिन त्याने जन्मात पाहिलेलं नाही, जे त्याच्यात नाहीच. त्याच्याविरुद्ध रीलरने प्रतिपिंड बनवलं. ते प्रतिपिंड निरोगी मेंदूच्या कापावर टाकलं की ते थेट रीलिन असलेल्या पेशींवर जाऊन चिकटलं. ज्याच्याकडे जे नाही, त्यालाच ते ओळखता आलं.

तुमच्या मुलांना ही गोष्ट नक्की सांगा. पाठ्यपुस्तकातलं प्रतिपिंड एकदम जिवंत होईल.

शेवंती | रविवार, रात्री ९:२६

अंगावर काटा आला. उद्याच्याच तासाला सांगते.

कडूनिंब | सोमवार, सकाळी ८:०३

सगळं वाचलं. विज्ञान मोठं आहे, मान्य. पण ते पिल्लू कलंडतंय, पुन्हा उठतंय हे वाचून मला पुढे जाववेना. त्यांचं काय? त्यांना जन्मालाच अशासाठी घालायचं की ते पडावेत?

काजवा | सोमवार, दुपारी १२:५०

कडूनिंब, हा प्रश्न मलाही पडायचा, आणि पडला पाहिजे. जे मी पाहिलं ते सांगते.

वाण टिकवण्यासाठी डुलणाऱ्या उंदरांची जोडी लावत नाहीत. एकच बिघडलेली प्रत असलेले, चांगले चालणारे नर-मादी एकत्र ठेवतात. त्यांच्या चारांत साधारण एक पिल्लू रीलर निघतं. रीलर पिल्लांना वरच्या जाळीतलं खाणं उभं राहून काढता येत नाही, म्हणून आम्ही खाणं पाण्यात भिजवून मऊ करून वाटीत पिंजऱ्याच्या तळाशीच ठेवायचो. पाण्याच्या बाटलीला लांब नळी लावायची. आईपासून तोडायला उशीर करायचा. गादी जाड घालायची. आमच्याकडे उंदीरशाळा सांभाळणारी एक बाई होती, ती रोज सकाळी सगळ्यात आधी या पिंजऱ्यांकडे जायची. सुटीच्या दिवशीही.

त्यांच्या वाट्याला आलेलं त्यामुळे पुसलं जात नाही, हे मला कळतं. म्हणूनच मी एकही काप वाया घालवायची नाही. एका मेंदूतून जेवढं शिकता येईल तेवढं शिकायचं, म्हणजे दुसरा मेंदू लागणार नाही.

घाटमाथा | सोमवार, दुपारी १:१५

आपल्याकडेही याला कायदा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखाली प्रयोगांसाठीचे १९९८ चे नियम. संस्थेची प्राणी नीती समिती असावी लागते, किती प्राणी लागणार आणि का, हे आधी लिहून द्यावं लागतं, मंजुरीशिवाय हात लावता येत नाही. मी अशा बैठकांना बसलोय. संख्या कमी करा म्हणून अर्ज परत पाठवलेले पाहिलेत.

कडूनिंब | सोमवार, दुपारी २:०७

काजवाताई, घाटमाथा, उत्तराबद्दल आभार. त्या सकाळी लवकर येणाऱ्या बाईंचं वाचून थोडं हलकं वाटलं.

तिसरा_प्रहर | सोमवार, सायंकाळी ६:३०

डुलणारा उंदीर म्हणजे रीलरच का? की अशी चाल इतर जनुकांमुळेही येते?

पाणवठा | सोमवार, रात्री ११:१९

अशा उंदरांचं मोठं कुटुंब आहे. आणि गंमत म्हणजे पिंजऱ्यात बघून ते एकमेकांसारखेच वाटतात, स्लाइडवर बघितलं की एकेकाचं दुखणं निराळं.

स्टॅगरर घ्या. १९६२ साली वर्णन झालेला. त्याच्यात आरओआर-अल्फा हे जनुक बिघडलेलं, आणि इथे मात्र खोट खरोखर पर्किंजे पेशीच्या पोटातच आहे. संमिश्र उंदीर बनवले तेव्हा स्टॅगरर वंशाच्या पर्किंजे पेशी खुरटलेल्या राहिल्या, शेजारच्या निरोगी वंशाच्या पेशी छान वाढल्या. रीलरच्या अगदी उलट. कणपेशी इथेही मरतात, पण दुसऱ्याच्या पापाने: पर्किंजे पेशी धड नाहीत म्हणून.

वीव्हरमध्ये मार कणपेशींवर. जीआयआरके२ नावाच्या पोटॅशियम वाहिनीत एकच अमिनो आम्ल बदललेलं, ग्लायसिनच्या जागी सेरिन. तेवढ्याने ती वाहिनी पोटॅशियमसोबत सोडियमही आत येऊ देते आणि कणपेशी मरून जातात. दारावरचा रखवालदार बदलला आणि घर लुटलं गेलं.

लर्चरमध्ये एकच बिघडलेली प्रत पुरते. पेशीवरच्या दुसऱ्याच एका ग्राहीचं दार उघडं ते उघडंच राहतं आणि पर्किंजे पेशी आधी बनतात, मग मरतात. तिथे घडण नीट होऊन नंतर पडझड होते.

आणि डब्ल्यूएनटी१ हे जनुक पूर्ण काढलं, १९९० मध्ये हे करून पाहिलं, तर मध्यमेंदूसकट लहान मेंदूचा मोठा भाग उगवतच नाही. तिथे पंगतीचा प्रश्नच नाही, मांडवच नाही.

मोरपीस | मंगळवार, सकाळी ९:००

+१. वाचनखूण साठवली. आपल्याकडे उंदरांच्या मेंदूच्या घडणीवर कुणी काम करतं का?

पाणवठा | मंगळवार, सकाळी ९:४०

करतात की. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांची प्रयोगशाळा. त्यांचं काम मोठ्या मेंदूची साल आणि हिप्पोकॅम्पसवर आहे, एलएचएक्स२ हे जनुक सालीच्या पेशींना साल होण्याची ओळख देतं हे त्यांच्या गटाने दाखवलं. लहान मेंदूचं नाही, पण प्रश्न सख्ख्या भावासारखा: पेशीला आपण कोण आणि कुठे बसायचं हे कोण सांगतं.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:५२

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या भाचीचा मुलगा दोन वर्षांचा आहे. बसायला उशिरा लागला, अजून उभा राहत नाही, हात पुढे केला की थरथरतो. एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये सेरेबेलर हायपोप्लेजिया लिहून आलं. लहान मेंदू पुरता वाढला नाही असं डॉक्टर म्हणाले आणि जनुकांची तपासणी करा म्हणाले. भाचीचं लग्न मामाच्या मुलाशी झालंय.

घरात बोलणं चालू झालंय. सातव्या महिन्यात ग्रहण होतं, तेव्हा हिने विळीवर भाजी चिरली होती. सासूबाई रोज तेच काढतात. भाची आता स्वतःही तेच म्हणते. रात्री फोनवर रडते. तुमचा धागा वाचताना मला सारखं वाटतंय की हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. पण उंदराचं माणसाला लागू होतं का?

काजवा | मंगळवार, रात्री ११:३५

रानजाई, बरं केलंत लिहिलंत. थेट सांगते.

ग्रहणाचा, विळीचा, भाजीचा काहीही संबंध नाही. हे मी जितकं ठामपणे लिहू शकते तितकं ठामपणे लिहितेय. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं म्हणतात ते हे. भाचीला आजच सांगा.

आता उंदीर आणि माणूस. लागू होतं. २००० साली दोन कुटुंबांतली मुलं तपासली तेव्हा त्यांच्यात रीलिनचंच जनुक बिघडलेलं सापडलं. दोन्ही कुटुंबांत आईबाप एकमेकांचे नातलग होते. त्या मुलांचा मोठा मेंदू गुळगुळीत आणि लहान मेंदू फारच लहान, घड्या जवळजवळ नसलेला. २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या हटराइट या छोट्या धार्मिक समाजात व्हीएलडीएलआर बिघडलेला सापडला, तिथे मुख्य त्रास लहान मेंदूचा आणि तोलाचा. पाणवठांनी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी.

पण हे वाचून बाळाला तेच आहे असं मुळीच धरू नका. लहान मेंदू लहान राहण्याची कारणं पुष्कळ. वेगवेगळी जनुकं आहेत, गर्भारपणात झालेला सायटोमेगॅलोव्हायरससारखा संसर्ग असतो, फार लवकर झालेला जन्म असतो. कुठलं ते तपासणीच सांगेल.

पाणवठा | मंगळवार, रात्री ११:५८

रानजाई, मामाच्या मुलाशी लग्न झालंय म्हणालात, म्हणून थोडं सांगतो. आपल्या सगळ्यांत, अगदी प्रत्येकात, काही जनुकांची एखादी प्रत बिघडलेली असते. दुसरी चांगली असते म्हणून कळतही नाही. फाल्कनर यांच्या नेहमीसारख्या चालणाऱ्या उंदरांसारखं. नवरा-बायको एकाच आजोबा-आजीचे नातवंडं असले तर तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. आजार त्या प्रकारचा निघाला तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते. यात दोघांचा वाटा अगदी सारखा असतो, निम्मा निम्मा. आईचा म्हणून वेगळा दोष काढताच येत नाही.

शेवंती | बुधवार, सकाळी ६:४०

रानजाई, भाचीला माझ्याकडूनही सांगा की वर्गात ६० मुलं आहेत आणि आम्ही काल रीलरचाच तास घेतला. ग्रहणाचा प्रश्न एका मुलीने आपणहून विचारला. सगळ्या वर्गाने मिळून उत्तर दिलं.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ७:२२

बाळाची फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी तपासणीच्या निकालासाठी थांबवू नका. निकाल यायला आठवडे लागतात. माणसाच्या बाळात कणपेशींचा तो बाहेरचा थर साधारण पहिल्या वर्षापर्यंत टिकतो आणि जोडण्या त्यानंतरही कितीतरी वर्षं बसत राहतात. सराव आजपासून.

रानजाई | बुधवार, रात्री ९:१८

सगळ्यांचे आभार. काल रात्रीच फोन केला. आधी तिला कोबीचं सांगितलं, मग पंगतीचं, मग त्या दोन गर्भ चिकटवलेल्या उंदराचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मावशी, म्हणजे भाजी चिरल्यामुळे नाही ना?” मी म्हटलं, नाही ग. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

आज जावईबापूंनी स्वतः फोन केला. तपासणीला कधी जायचं, काय काय न्यायचं ते विचारत होते. ते तुम्हाला विचारून सांगते म्हटलंय.

काजवा | बुधवार, रात्री ९:४१

एमआरआयचा नुसता कागद नको, सीडी न्या. जन्माच्या वेळची फाइल असेल तर ती, वजन आणि किती आठवड्यांचा जन्म होता ते लिहून. दोन्ही घरांत कुणाचं मूल उशिरा चाललेलं, फिट येणारं, लहानपणी गेलेलं असेल तर आठवून तीन पिढ्यांची वंशावळ एका कागदावर काढा. आजीला विचारा, तिला सगळं माहीत असतं. आणि रक्त फक्त बाळाचं आणि आईचं नको, जावईबापूंचंही द्या. तिघांचं एकत्र पाहिलं की कुठली प्रत कुणाकडून आली ते नीट कळतं. जनुक समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा, आणि शक्य असेल तर सासूबाईंनाही बरोबर न्या.